दणकेतात्या आणि टेम्पोचं इंजिन

दणकेतात्यांची आणि माझी ओळख थोबाडीतून झाली. थोबाड माझं, हात त्यांचा. मी तेव्हा तिशीला टेकलेला, रीतसर पदवी घेतलेला जनावरांचा डॉक्टर, आणि हा माणूस मला आयुष्यात पहिल्यांदा बघत होता. त्र्याण्णव सालच्या उन्हाळ्यात माझी गाडी बारामतीच्या अलीकडं धूर ओकत बंद पडली. एका ट्रॅक्टरवाल्यानं ती दोर लावून ओढत जळोचीच्या रस्त्यावरच्या तात्यांच्या गॅरेजात आणून सोडली आणि 'गुरांचे डाक्टर हायत' एवढं सांगून तो गेला. तात्यांनी बॉनेट वर केलं, इंजिनावर तळहात टेकवला, चटका बसला तरी तसाच ठेवला, मग रेडिएटरचं झाकण काढून आत बोट घातलं. बोट कोरडं निघालं. तसे ते माझ्याकडं वळले आणि अवाक्षर न काढता खाडकन एक ठेवून दिली. डोळ्यांपुढं काजवे चमकले. मग सावकाश म्हणाले, "म्हशीला पानी न पाजता पळवता का वो, डाक्टर? मग हिनं काय घोडं मारलंय तुमचं?"

मी काही कमी तापट नाही. एरवी उलटा हात टाकलाच असता. पण समोरच्या चहाच्या गाड्यावरची माणसं खुशाल हसत होती, आणि एक जण तर ओरडला, "चला, डाक्टरचं काम मनावर घेतलं तात्यांनी!" त्या भागात तशी समजूतच होती. तात्या ज्याला गोड बोलून 'बघू उद्या' म्हणायचे, त्याची गाडी आठ-आठ दिवस तशीच पडून राहायची. ज्याला शिव्या पडल्या, त्याची संध्याकाळपर्यंत निघायची. मला तर थोबाडीत मिळाली होती. मी गाल चोळत बाकावर बसलो आणि चहा सांगितला.

त्यांचं खरं आडनाव कुणी घेत नसे. वाडवडील मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडणारे. तात्यांनी सोळाव्या वर्षी हातातली काठी टाकली, ट्रकवर क्लीनर झाले आणि चाळिशीच्या आत स्वतःचं गॅरेज उभं केलं. अंगानं धिप्पाड, मनगट माझ्या पोटरीएवढं. गंजलेला नट, अडकलेलं बेअरिंग, वाकलेला अॅक्सल, सगळ्याला त्यांचं औषध एकच, घण. पण घण घालायच्या आधी ते त्या लोखंडाकडं बराच वेळ बघत राहायचे आणि मग एकच दणका द्यायचे. दुसरा द्यायची वेळ मी फारशी पाहिली नाही. "लोखंडाला लाडीगोडी कळत न्हाय, डाक्टर. त्येला एकदाच सांगायचं. पर असं सांगायचं, की पुन्यांदा इचारलं न्हाय पायजे." असं म्हणून ते घण खाली ठेवायचे आणि कपाळावरचा घाम बाहीला पुसायचे.

माणसांच्या बाबतीतही त्यांची रीत हीच. एकदा एका जीपवाल्यानं भर गॅरेजात सांगितलं, की तुम्ही क्लच बसवला तो पंधरा दिवसांत गेला, तुम्हाला काही येत नाही. तात्यांनी ऐकून घेतलं. मग त्याच्या कमरेच्या पट्ट्यात मागून चेनपुलीचा हूक अडकवला, त्याला इंजिन उचलावं तसा खडाखडा चार फूट वर उचलला आणि समोर चहा प्यायला गेले. तो गडी हातपाय झाडत गरगर फिरत होता, शिव्या देत होता, शेवटी रडायला लागला. खाली उतरवला तेव्हा पट्ट्यानं त्याचं पोट सोलून निघालं होतं. आम्ही सगळे हसलो. मीही हसलो, पोट धरधरून हसलो. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढं जे झालं त्यात आम्हा हसणाऱ्यांचाही वाटा आहे असं मला आता वाटतं.

माझी गाडी म्हणजे ती जुनी, लहानखुरी, गोल पाठीची. तिला तेव्हा सगळा महाराष्ट्र डुक्करच म्हणायचा. वडगाव निंबाळकरच्या माझ्या चुलत आजोबांनी ती कधीकाळी हौसेनं घेतली होती, आणि मी गुराढोरांमागं फिरतो म्हणून मला देऊन टाकली. तात्यांनी इंजिन खोललं आणि जाहीर केलं, "मेलं. पिस्टन आतल्या आत चिकटलाय. हे इंजिन आता इसरा." मी म्हटलं, मग दुसरं तसलंच बघा. तात्यांनी गाडीला एक फेरी मारली, चाकाला लाथ घातली, पुढचा पत्रा वितीनं मोजला. म्हणाले, "तसलंच कशाला? हायवेवरच्या टेम्पोचं टाकू. डिझेल. ही गाडी मग घाटातबी मागं बघनार न्हाय." मी म्हटलं, तात्या, टेम्पोचं इंजिन हिच्यात बसतंय होय? ते माझ्याकडं अशा नजरेनं बघायला लागले, की माझा हात आपसूक गालाकडं गेला. "बसतंय का म्हनून कुनी इचारतं व्हय? बसवायचं असतंय," तात्या म्हणाले.

इंजिन शोधायला आम्ही इंदापूरला गेलो. तिथं रशीदभाईंचं भंगाराचं आवार होतं. रशीदभाई हसतमुख, बोलायला अगदी मऊ, आणि माझ्या गाडीचं चारचौघांतलं नाव ते कधी तोंडानं घ्यायचे नाहीत. 'तुमची ती गोल गाडी' म्हणायचे. त्यांच्याकडं एक चेपलेला टेम्पो आला होता, समोरून पार चुराडा, पण इंजिन शाबूत. तात्या गुडघ्यावर बसून त्याला कान लावत होते, तेवढ्यात भिगवणकडचा एक मिस्त्री आला आणि इंजिनावर पाय देऊन म्हणाला, हे मी कालच सांगून ठेवलंय. तात्या म्हणाले, "पाय काढ." तो हसला. तात्यांनी शेजारी पडलेला सायलेन्सरचा पाइप उचलला आणि त्या पायावरच घातला. मग दोघं भंगारात लोळले. पत्रे कापत होते, काचा रुतत होत्या, मी आणि रशीदभाई कुणाचा हात कुठं आहे ते शोधत ओढत होतो. सुटले तेव्हा मिस्त्रीचे दोन दात गेले होते आणि तात्यांच्या भुवईतून रक्त गळून डोळा बंद झाला होता. भुवई मीच शिवली, माझ्या बॅगेतल्या जनावरांच्या सुईदोऱ्यानं. तात्या टाके पडताना इंजिनाकडंच बघत होते.

मला वाटलं, आता इंजिन आणलंय तर बसवतील. कुठलं! पंधरा दिवस त्याला हात लावला नाही. आधी ब्रेक. टेम्पोचे मोठे ड्रम, नवे लायनर, नव्या नळ्या, पुढच्या स्प्रिंगा जाड. मी रोज जाऊन चडफडायचो, एसटीनं फिरून माझा जीव मेटाकुटीला आला होता. तात्या म्हणायचे, "इंजिन वाढवायच्या आधी ब्रेक वाढवायचा. थांबता येत न्हाय त्येनं पळू न्हाय." ब्रेक झाले आणि मग गाडीची जी काही कत्तल सुरू झाली, ती मला बघवेना. छिन्नीनं आडवा पत्रा फाडला, इंजिन टेकतं ते फाउंडेशन गॅसनं कापून दोन वीत मागं नेलं, रेडिएटर पुढं ढकलला, मागचा लांब शाफ्ट लेथवर नेऊन तोडून आखूड केला. बॉनेट लागेना, तर त्याला आतून ठोकून ठोकून एक टेंगूळ काढलं. चेनपुलीला लटकलेलं ते काळं धूड त्या चिमुकल्या गाडीत उतरताना तात्या मात्र मेंढराला घालतात तसा जिभेचा आवाज काढून त्याला चुचकारत होते. ते मी पहिल्यांदाच ऐकलं आणि मला तो माणूस फार आवडला.

गाडी सुरू झाली तेव्हा समोरच्या चहाच्या गाड्यावरचे ग्लास थरथरले. आम्ही लासुर्ण्यापर्यंत चक्कर मारली. रस्ता मोकळा बघून तात्या म्हणाले, "दाबा." मी दाबली. "आनखी." आणखी दाबली. आणि एकदम माझ्या मांडीवर गुद्दा घालून ओरडले, "ब्रेक!" मी दोन्ही पायांनी उभा राहिलो. गाडी जागच्या जागी रुतल्यासारखी थांबली, आणि तात्या समोरच्या काचेवर जाऊन आदळले. नाक फुटलं. रक्त मिशीवर आलं, दातांवर आलं आणि त्या रक्ताळल्या दातांनी ते हसले. "लागतोय," म्हणाले. परत येताना सगळ्या वाटेनं तेच, लागतोय, लागतोय.

माझं त्यांच्या घरी जाणं-येणं वाढलं. गॅरेजच्या शेजारीच दोन खोल्या. काकू बोलायला कमी, हाताला चव मोठी. बाजरीची भाकरी आणि हुलग्याचं माडगं मी तसं दुसरीकडं खाल्लं नाही. एकुलती एक मुलगी शालन, तिचं लग्न होऊन शेळगावला दिलेली. तिचा लग्नातला फोटो तात्यांनी गॅरेजात टूलबोर्डाच्या वर लावला होता आणि त्याच्यावर ग्रीस उडू नये म्हणून प्लॅस्टिक चढवलं होतं. मला टायफॉईड झाला तेव्हा याच माणसानं गॅरेज आठ दिवस बंद ठेवून माझी गाडी चालवली, माझ्या जागी आलेल्या डॉक्टरला गावोगाव फिरवलं, गायी धरल्या. अडलेल्या म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत तास-तास उभे राहायचे. "मुक्या जिवावर मी हात टाकत न्हाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बोलत्या जिवांचं काय, ते मी कधी विचारलं नाही.

विचारायला हवं होतं. काकूंच्या कानामागं एकदा जुना, पिवळा पडलेला वळ दिसला होता. एकदा जेवताना तात्यांनी पाण्याचा तांब्या घ्यायला हात लांब केला, आणि काकूंचे डोळे क्षणभर मिटले. तात्या पुढच्या घासाला लागले, मीही लागलो. मी जनावरांचा डॉक्टर. मार खाल्लेलं जनावर माणसाचा हात वर गेला की डोळे मिटून मान आत घेतं, हे मी कॉलेजात नाही, गोठ्यांत शिकलोय. तरी मला त्या दिवशी ते कळलं नाही म्हणा, किंवा कळून घ्यायचं नव्हतं म्हणा. माडगं फार छान झालं होतं.

दोन वर्षांनी ऊसतोडीच्या दिवसांत शेळगावहून निरोप आला, गाय बसलीय, या. घर बघतो तर शालनच्या सासरचं. जावई विलास, चांगला बागायतदार, दोन ट्रॅक्टर, गावात वजन. गायीला सलाईन लावायचं होतं. शालन वाटीत गूळ घेऊन आली, डावा हात अंगाशी धरलेला. बाटली खुंटीला टांगायला मी हात उंच केला, आणि तिनं डोळे मिटून मान आत घेतली. वाटी पडली. मी तिथंच थांबलो. हात बघितला, खांद्याजवळचं हाड मोडून तसंच सुजलेलं होतं. एका कानातून रक्त येऊन वाळलं होतं. "काय झालं गं?" "पाय घसरला." "कानातून कुणी घसरतं का?" तिनं दाराकडं बघितलं आणि अगदी हळू म्हणाली, "तात्यांस्नी सांगू नका, डाक्टर. ते जीव घेतील त्येंचा." मग पुन्हा थांबून, "न्हाय सांगितलं तर माझा जाईल. काल इळा घेतला हुता हातात."

तीस-बत्तीस किलोमीटर मी कसा आलो मला आठवत नाही. सांगावं की सांगू नये? सांगितलं. सांगणार नाही तर काय करणार होतो? दुपारी तीनची वेळ, तात्या एका ट्रकखाली होते. मी वाकून सांगितलं. ते बाहेर आले, पाना जागेवर ठेवला, भुसा आणि सोड्यानं हात कोपरापर्यंत स्वच्छ धुतले. एकही शिवी नाही. मला खरी भीती वाटली ती तेव्हा. "चावी द्या," म्हणाले. मी म्हटलं, मीही येतो. भांडण सोडवायला म्हणून नव्हे. माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं म्हणून.

शेळगावच्या अंगणात पाच-सात माणसं होती. व्याही खाटेवरून उठून म्हणाले, "या तात्या, बसा, बोलून घेऊ." तात्यांनी त्यांना नुसतं बाजूला केलं, तर ते खाटेसकट उलटले. विलास आतून आला. पुढचं मी भराभर सांगतो, कारण झालंही भराभर. तात्यांनी त्याला गळ्याला धरून भिंतीवर दोनदा आपटलं, त्याच्या भावानं तात्यांच्या पाठीत ट्रॅक्टरची पिन घातली, मी त्या भावाच्या तोंडावर माझी औषधाची बॅग हाणली, कुणीतरी माझी बोटं पिरगाळली. माझं एक बोट अजून सरळ होत नाही. तात्या त्या गलक्यात ओरडले, "शालन, बस गाडीत!" ती पायात चप्पल न घालता पळत आली आणि मागं बसली. आम्ही दोघंही घुसलो. गाडी वळली.

वाडीच्या तोंडाशी बोळ अरुंद. विलास मागच्या दारानं पुढं येऊन बोळात उभा राहिला, हातात ऊस तोडायचा कोयता. अंतर असेल तीस-चाळीस पावलं. "खाली उतर, नाहीतर दोघांस्नी कापतो," असं काहीतरी ओरडला. तात्यांनी गाडी दाबली. मला वाटलं, घाबरवतायत. मी त्यांच्या पायाकडं बघितलं. ब्रेकवर नव्हता. ब्रेकच्या जवळही नव्हता. विलासनं शेवटच्या क्षणाला बाजूला उडी घेतली, पण त्याचा एक पाय राहिला. आवाज झाला तो उसाचं कांडं मोडल्यासारखा. शालन किंचाळली. काच फुटून कोयता माझ्या मांडीवर येऊन पडला, पात्यावर रक्त नव्हतं एवढं मी वेड्यासारखं तपासून बघितलं.

आता गाडी थांबली. तात्या खाली उतरले. विलासचा पाय गुडघ्याखाली चुरडला होता आणि रक्त धारेनं येत होतं. माझ्या बॅगेत वासरू ओढायची दोरी होती. ती मी त्याच्या मांडीला आवळली, स्क्रू-ड्रायव्हर घालून पिळली. "हा मरंल का?" तात्यांनी विचारलं. मी म्हटलं, इथं ठेवला तर तासाभरात. त्यांनी त्याला दोन्ही हातांवर उचलला आणि मागच्या सीटवर शालनच्या मांडीवर ठेवला. शालननं खिडकीबाहेर तोंड केलं, पण त्याची मान पडू दिली नाही. मग तात्यांनी ती गाडी जी हाणली! उसाच्या ट्रॉल्यांची रांग, बैलगाड्या, कालव्यावरचा खड्ड्याखड्ड्यांचा रस्ता. इंजिन नुसतं घुमत होतं. जुन्या इंजिनावर आम्ही अर्ध्या वाटेतच राहिलो असतो. अर्ध्या तासात बारामतीचा दवाखाना आला. पाय गेला, माणूस वाचला.

दवाखान्याच्या व्हरांड्यात शालनच्या हाताला प्लास्टर घातलं. तात्या तिच्यासमोर उकिडवे बसले. सगळ्या अंगावर जावयाचं रक्त वाळलेलं. म्हणाले, "चार वर्सं सोसलंस. मला एका शबुदानं का न्हाय सांगितलं?" काकूही येऊन बसल्या होत्या. शालन म्हणाली, "काय सांगायचं हुतं, तात्या? आपल्या घरातबी हेच बघितलं की. आईचं नाक मोडलं तवा मी सात वर्सांची हुते. मला वाटलं, सगळ्याच घरात असतंय." रागानं नाही बोलली. विचारलं म्हणून सांगितलं, एवढंच. काकूंनी पदर तोंडाला लावला. तात्या भिंतीला धरून उठले. मी त्यांना कशाला धरून उठताना तोवर पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात फौजदार आले. मी मनाशी ठरवूनच ठेवलं होतं. जबाबात छातीठोक सांगितलं: गाडी जुनी, इंजिन जड, ब्रेक लागला नाही, अपघात झाला. खोटं बोललो आणि मला त्याची काडीची लाज वाटली नाही, आजही वाटत नाही. फौजदारही भला माणूस, लिहून घेतलं आणि तात्यांकडं वळून म्हणाला, "काय मिस्त्री, ब्रेक फेल, बरोबर?" तात्या म्हणाले, "न्हाय. ब्रेक चांगला हाय. मी पाय ठेवला न्हाय." फौजदारानं पेन उचललं, त्यांना विचार करायला सवड दिली. तात्यांनी तेच पुन्हा सांगितलं, आणि लिहिलं की नाही ते वाकून बघितलं.

मी त्यांना व्हरांड्याच्या कोपऱ्यात ओढत नेऊन नाही नाही ते बोललो. मूर्ख म्हणालो, अकलेचा खंदक म्हणालो, स्वतःच्या कामाची एवढी घमेंड आहे का, की ब्रेकची बदनामी नको म्हणून तुरुंगात जाताय? त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "शालन म्हनत हुती पाय घसरला. तिची आई पंचवीस वर्सं डाक्टरला सांगतीया, न्हानीत पडले. आमच्या न्हानीत कुनी पडत न्हाय, डाक्टर. मी मारतो. आता माझ्यापायी आनखी एक खोटं नको." कोर्टातही त्यांनी तेच सांगितलं, वकील कपाळाला हात लावून बसला. काही वर्षांची शिक्षा झाली.

ती वर्षं काकूंनी आणि शालननं काढली. शालन शेळगावला परत गेली नाही. गॅरेजच्या पुढच्या खोलीत तिनं ऑईल-फिल्टरचं दुकान टाकलं. पहिल्यांदा गिऱ्हाईक मोठ्यानं बोललं तरी ती दोन पावलं मागं सरायची, मग हळूहळू ती घासाघीस करायला लागली, मग माझ्यावर डाफरायलासुद्धा. मी तुरुंगात भेटायला जायचो. सुटकेच्या महिनाभर आधी तात्या जाळीपलीकडून म्हणाले, "डाक्टर, एक काम करा. शालनच्या आईला इचारा, मी घरी येऊ का." मला हसू आलं. म्हटलं, तात्या, घर तुमचं, विचारायचं काय त्यात? ते म्हणाले, "इचारा. आन् ती म्हनंल ते तसंच्या तसं सांगा."

मी गेलो आणि विचारलं. काकू भाकरी थापत होत्या. त्या थांबल्या. पंचवीस-तीस वर्षांच्या संसारात त्यांना कुणी काही विचारलेलं हे बहुधा पहिलंच. तव्यावरची भाकरी करपायला लागली, तरी त्यांनी उलटली नाही. मग म्हणाल्या, "पोरगी आत्ता कुठं भांडं पडलं तर दचकत न्हाय. त्येंनी केलं ते तिच्यासाठी केलं, मला ठावं हाय. पर न्हाय म्हनावं. हितं नगा येऊ." मी चिडलो. त्या माणसानं तुमच्यासाठी काय काय सोसलं, असं बोलायला तोंड उघडलं, आणि त्यांच्या नाकाचं ते वाकडं हाड मला दिसलं. इतकी वर्षं मी ते नाक बघत होतो. तोंड मिटलं आणि निघालो. सुटकेआधी हे सांगायला पुन्हा तुरुंगात जायचा मात्र मला धीर झाला नाही.

तात्या बारामतीच्या स्टँडवर एसटीतून उतरले, हातात एक पिशवी. केस पांढरे झालेले, मनगटं निम्मी झालेली. माझ्याकडं तेव्हा एक जुनी जीप होती. मी काकूंचे शब्द होते तसे सांगितले. ते उन्हात उभे राहून ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "दचकत न्हाय म्हनली?" मी म्हटलं, नाही. "भांडं पडलं तरी?" म्हटलं, हो तात्या. त्यांनी मान हलवली, दोनदा हलवली. म्हणाले, "मग मला इंदापूरला सोडा. रशीदभाई आवारात जागा देतो म्हनलाय."

इंदापूरचा रस्ता जळोचीवरूनच जातो. घर जवळ आलं तसा मी वेग कमी केला. वाटलं, निदान लांबून बघतील. दुकानाच्या पायरीवर शालन बसली होती, कुणाशी तरी बोलताना मोठ्यानं हसत होती. तो आवाज जीपमध्ये आला. तात्यांनी तिच्याकडं मान वळवली आणि लगेच सव्वासहा फुटांचा तो माणूस सीटवरून खाली घसरला, गुडघे छातीशी घेऊन डॅशबोर्डाखाली बसला, डोकं दोन्ही हातांत झाकून. "पळवा, डाक्टर," तिथूनच म्हणाले, "तिला दिसंल." मी जीप पळवली. कालवा मागं पडला, लासुर्णं मागं पडलं, तरी ते वर आले नाहीत. दर थोड्या वेळानं खालून विचारत होते, "गेली का मागं?" आणि मी दर वेळी सांगत होतो, गेली.